रोज तेच मांजर



गेल्या महिन्यात दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर एका मावशींनी मला थांबवले. "फादर, दुपारी मी लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला चित्रं काढते. मांजर, विहीर, केळीची बाग. सून म्हणते, रोज तेच तेच काय काढता? खरंच वेळ वाया जातो का हो?" मला बाप्तिस्म्याची घाई होती. "छंद चांगला आहे मावशी, पण जपमाळही करत जा," असे सांगून मी सटकलो. त्यांनी मान डोलावली. ते उत्तर तेव्हापासून मला टोचते आहे.

कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात मॉड लुईस नावाची बाई होऊन गेली. जन्म १९०३ चा. लहानपणापासून संधिवात, बोटे वाकडी झालेली, हनुवटी छातीकडे झुकलेली. १९३८ साली तिने मासे विकणाऱ्या एव्हरेट लुईसशी लग्न केले. डिग्बीजवळच्या मार्शलटाऊन गावात रस्त्याकडेला त्यांचे एका खोलीचे घर होते. ना वीज, ना नळ. घरकाम बहुतेक नवराच करी. मॉड खिडकीपाशी बसून हातभर लांबीच्याही नसलेल्या फळ्यांवर चित्रे रंगवी: तीन काळी मांजरे, लांब पापण्यांची बैलजोडी, बर्फातली घसरगाडी, बंदरातल्या होड्या. सावल्या बहुधा नाहीतच. दार, जिना, चूलसुद्धा तिने फुलापाखरांनी भरून टाकली. चित्राची किंमत सुरुवातीला दोन-तीन डॉलर, पुढे पाच. गिऱ्हाईक मागेल तेच चित्र ती पुन्हा काढी.

अशा बाईविषयी बोलताना आपण चटकन म्हणतो, बिचारी, एवढे दुखणे असूनही काढायची. मला वाटते हा तिच्यावर अन्याय आहे. सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकवत. कृती करणे वेगळे आणि वस्तू घडवणे वेगळे, हा भेद त्यांनी ॲरिस्टॉटलकडून घेतला. ते म्हणतात, कारागिराची पारख त्याच्या मनाच्या अवस्थेवरून करायची नसते, घडलेल्या वस्तूवरून करायची असते. सुतार कितीही भाविक असो, खुर्ची डुगडुगली तर ती वाईटच. म्हणजे मॉडच्या मांजराकडे पाहताना तिची बोटे क्षणभर विसरायला हवीत आणि मांजर नीट बसले आहे का ते पाहायला हवे. ते बसलेले असते. फुलांमधून सरळ आपल्याकडे बघते.

मग 'तेच तेच' या तक्रारीचे काय? काल भाकरी केली होती, आज पुन्हा कशाला, असे कोणी आईला विचारत नाही. (विचारले तर जेवण मिळणार नाही!) पहिले मांजर चांगले असेल, तर केवळ शंभरावे म्हणून शंभरावे वाईट ठरत नाही. ते निष्काळजीपणे काढले तरच ठरते. आणि तो धोका खरा आहे, हे रोज मिस्सा करणाऱ्या माझ्यासारख्याने तरी नाकारू नये.

मॉड १९७० साली वारली. तिचे काळ्या ट्रकचे एक चित्र पूर्वी कोणीतरी एका उपाहारगृहात चीज सँडविचच्या बदल्यात दिले होते. २०२२ साली लिलावात त्याला साडेतीन लाख कॅनडियन डॉलर मिळाले. तिच्या हयातीतल्या दोन डॉलरांशी हा आकडा ताडला की मन कडू होते. राबणाऱ्याला कमी आणि नंतर विकणाऱ्याला भरपूर, हे आपल्या शेतकऱ्यांना नवे नाही. पण ट्रकचे चित्र मधल्या काळात बदलले नव्हते. ते जेवढे चांगले होते तेवढे खिडकीपाशी रंग वाळला तेव्हाच झाले होते. सँडविचने ते हलके झाले नाही, लिलावाने जड झाले नाही.

तर मावशी, तुमच्या पत्रिकांना विचारणारे कोणी नसेल, तरी त्यावरून काहीच ठरत नाही. जपमाळेचे मी बोललो ते राहू द्या. मधला 'पण' मात्र मी मागे घेतो. आणि चित्रे न पाहताच बोललो, हीही चूकच. पुढच्या रविवारी दोन-चार घेऊन या. बाप्तिस्मा साडेदहाला आहे, त्याआधी मी ऑफिसात असेन.

तुमचा,
फादर