औषधाचा संशय

एखादें औषध सदोष असल्याचा संशय आला, तर तो लोकांस केव्हां सांगावा? पुरावा हातीं आल्यावर, असें अधिकारी म्हणतात. उगाच घबराट नको. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत दूषित ग्लिसरॉलनें १४ रोगी दगावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें रुग्णालय व औषध-प्रशासन या दोहोंसही दोष दिला. पुढें २०२५ सालीं छिंदवाड्याकडील मुलें ‘कोल्ड्रिफ’नें दगावलीं. विष तेंच, डायएथिलीन ग्लायकॉल! त्या ऑक्टोबरांत महाराष्ट्र शासनानेंही तें न वापरण्याविषयीं बजावलें. अशा वेळीं आईचें काम सोपें असतें. बाटली दूर करावी. साधा खोकला बहुधा आपण होऊन जातो.

परंतु सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगानें पछाडलेलें मूल ज्या घरीं आहे, तेथें काय? दाट स्रावामुळें स्वादुपिंडाचा पाचक रस आंतड्यांत पोंचत नाहीं. म्हणून बहुतेक मुलांस प्रत्येक जेवणाबरोबर कॅपसूल द्यावी लागते. तीच परत मागविली, तर देणें धोक्याचें आणि न देणेंही धोक्याचें.

आमच्या पैठणास जायकवाडीचे दरवाजे उघडण्यापूर्वीं नदीकांठच्या गांवांस इशारा जातो. पूर सिद्ध होईपर्यंत कोणी थांबत नाहीं. औषधाचा संशय लपविण्याचा हक्कही मला कोणाचाच दिसत नाहीं. मात्र उपमा येथें अपुरी पडते. नदीकांठच्या माणसास निदान उंचवटा दिसत असतो. या मातेस नुसता ‘थांबवा’ म्हणणारा कागद पाठवून भागत नाहीं; कोणत्या क्रमांकाच्या कॅपसुली सोडाव्या, त्यांऐवजीं काय द्यावें आणि तें संध्याकाळच्या जेवणापूर्वीं कोठें मिळेल, हेंही त्याच कागदावर असलें पाहिजे.