शेवटच्या माणसाची चाल

श्रीगोंदा तालुक्यात नाव घ्यावं असा डोंगर नाही. भीमा आणि घोडच्या काठची काळी रानं, ऊस, लिंबाच्या बागा, कारखान्यांची धुराडी आणि मधूनमधून उघडे माळ. पाऊस वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. अशा गावातून एखाद्या शनिवारी रात्री दोनच्या सुमाराला एक क्रूझर निघते. तिच्यात शाळामास्तर, मेडिकलवाला, कारखान्यातला फिटर, कॉलेजातल्या मुली आणि ऊस कारखान्याला घालून मोकळा झालेला एखादा शेतकरी दाटीवाटीनं बसलेले असतात. कळसूबाई, जीवधन किंवा नाणेघाट करून ही मंडळी रविवारी रात्री परत येतात आणि सोमवारी कामावर हजर होतात. असे गट आता तालुक्या-तालुक्यात झाले आहेत. आमच्या गटाबरोबर चालताना मनात जे साचत गेलं, ते लिहावंसं वाटलं.

सपाटीवरच्या माणसानं डोंगरात का जावं, याचं एक उत्तर आमच्या कालव्यात वाहतं आहे. जुन्नरच्या पश्चिमेला, चावंड किल्ल्याच्या पलीकडे पूर नावाचं गाव आहे. तिथं कुकडेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे आणि त्याच परिसरात कुकडी नदी उगम पावते. माणिकडोहला ती अडते, येडगावला पुन्हा अडते. तिथून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातो. नदी स्वतः निघोजला काळ्या बेसॉल्टमध्ये रांजणखळगे कोरते. पाण्याबरोबर भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी हजारो वर्षं खडक घासून केलेलं ते काम आहे. पुढे ती घोडला मिळते आणि घोड भीमेला. श्रीगोंद्याचा शेतकरी आवर्तनाची तारीख तोंडपाठ ठेवतो, पण ज्या डोंगरावर ते पाणी पडलं तो त्यानं बहुधा पाहिलेला नसतो. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की कोकणातून चढून आलेला ढग कड्याला धडकतो, जागेवर रिता होतो, आणि पूर्वेकडे फक्त त्याची सावली सरकते. आपल्या वाट्याला पाऊस कमी का येतो, हे भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. तिथं ते अंग भिजून कळतं.

तरीही गावात एक प्रश्न हटकून विचारला जातो. ‘दिवसभर रानात पाय तुटेस्तोवर चालायचं, आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा चालायलाच जायचं?’ या प्रश्नाला हसून उडवून लावणारी ट्रेकर मंडळी मला आवडत नाहीत. ज्या मुलखानं 1972 चा दुष्काळ सोसला, ज्या बायांनी मैलभरावरून हंडे आणले आणि खडी फोडायला कोसभर चालत गेल्या, त्या मुलखात चालणं हा कष्टाचाच भाग आहे. आजही हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या बाईच्या डोक्यावरची मोळी आणि आमच्या पाठीवरची सॅक यांची बरोबरी करण्याचं धाडस मी करणार नाही.

पण हाच प्रश्न विचारणारा माणूस आषाढात पेरणी उरकून, कधी अर्धवट टाकून, वारीला जातो. त्या चालण्यातूनही काही पिकत नाही. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून नगरवरून मिरजगाव-कर्जतच्या दिशेनं, आमच्या तालुक्याच्या कडेनं पंढरपूरला जाते. एसटी असताना पायी का जाता, असं त्या दिंडीतल्या कुणाला विचारायची वेळ येत नाही. म्हणजे कामाशिवाय, सोबतीनं, ठरवून दूर चालत जाणं आपल्याला परकं नाही. श्रीगोंद्याचं तर वारकऱ्यांशी जुनं नातं, कारण हे शेख महंमदांचं गाव. मुसलमान घरात जन्मलेला, ‘योगसंग्राम’ लिहिणारा हा संतकवी वारकऱ्यांनी आपला मानला आणि मालोजीराजे भोसल्यांनी गुरुस्थानी ठेवला.

पाश्चात्त्य वाङ्मयात चालण्यावरचं जे लेखन गाजलं, त्यातलं बरंचसं एकट्याच्या बाजूचं आहे. हॅझलिटनं 1822 साली प्रवासावर लिहिलं ते एकट्यानं जाण्याच्या सुखाबद्दल. स्टीव्हन्सननं 1876 मध्ये पायी भटकंतीवर लिहिताना त्याचीच री ओढली. रूसोचं अखेरचं पुस्तक एकाकी फिरणाऱ्याच्या चिंतनांचं आहे. आपल्याकडेही हा विचार होता. महानुभावांनी साधकासाठी अटन आणि विजन यांना आचारधर्मात मानाचं स्थान दिलं. एकट्यानं फिरावं, निर्जन जागी राहावं, कुठं गुंतू नये. वारकऱ्यांनी मात्र दिंडी धरली. दोन्ही पंथ मराठीतच वाढले आणि दोघांनीही चालणं हे साधन मानलं. पण गावोगावच्या साध्या माणसानं आपलीशी केली ती दिंडीच. मला वाटतं, हा कल केवळ सोयीतून आलेला नाही. एकट्यानं चालताना माणूस स्वतःची चाल कधीच सोडत नाही. चौघांबरोबर निघाल्यावर ती पहिल्या तासातच सोडावी लागते.

दिंडीला जी शिस्त आली तिचा एक धागा श्रीगोंद्याजवळून जातो. शिंद्यांचे वाडे आमच्या गावात आहेत. महादजींच्या घराण्याचा या गावाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. त्याच घराण्याच्या पदरी ग्वाल्हेरला हैबतराव पवार आरफळकर चाकरीला होते. ती चाकरी सोडून ते आळंदीला आले आणि 1832 च्या सुमाराला ज्ञानेश्वरांची पालखी वेगळी, शिस्तबद्ध रीतीनं सुरू केली. दिंड्यांचा क्रम, चालण्याची आणि थांबण्याची वेळ, चोपदाराचा मान, या सगळ्यात लष्करी छावणीचा अनुभव दिसतो. पण मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती मुक्कामाच्या ठिकाणची समाजआरती. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, आणि मगच पुढचं काम होतं. दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथंच पुकारल्या जातात. इतक्या प्रचंड समुदायात एका दिंडीचं गाऱ्हाणं ऐकून घेतल्याशिवाय दिवस संपत नाही. वीस माणसांच्या ट्रेकला एवढं जमायला हरकत नसावी.

सोबतीनं चालण्याची ही ओढ वारीपुरतीच नाही; आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या माणसांनीही आपली सुट्टी अशीच खर्चली आहे. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये वॉर्ड नावाच्या एका कामगार कार्यकर्त्यानं 1900 साली क्लॅरियन रॅम्बलर्स हा गट काढला. पोलादाच्या गावातली माणसं आठवड्यातून एकदा मोकळ्या माळावर न्यावीत एवढाच हेतू. वर्षभराच्या फेऱ्यांची छोटी पुस्तिका हा गट छापत असे. त्या माळांवर जमीनदारांनी शिकारीसाठी बंदी घातलेली होती. 1932 मध्ये किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो तरुण कामगार ती मोडून चढले आणि काहींना तुरुंगवास झाला. तो लढा एकट्यादुकट्याच्यानं उभा राहिला नसता.

आता तयारीकडे वळतो, कारण गटाची खरी परीक्षा तिथं होते. नवीन माणूस विचारतो, काय काय आणू? यादी सगळ्यांना पाठ आहे: दोन-तीन लिटर पाणी, इलेक्ट्रॉलच्या पुड्या, टॉर्च, शिट्टी, नेहमीची औषधं, सॅकच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी, पूर्ण बाह्यांचा आणि लवकर वाळणारा शर्ट, कोरडे मोजे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ हे आमच्याकडचं खाणं दिवसभर टिकतं आणि पोटाला धरतं. बूट खोलवर खाचा असलेल्या तळव्याचे हवेत, पण नवेकोरे नकोत. आधी पंधरा दिवस ते पायात घालून बाजार करावा, मळ्यात जावं.

यादीत सहसा नसणारी एक गोष्ट सांगतो. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं सरळ रेषेत, बारीक कापावीत. चढताना काही जाणवत नाही. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे घसरतो आणि अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटतं. दोन तासांत ते आतून काळंनिळं होतं. मग तो माणूस वाकडा पाय टाकतो, त्यानं गुडघा दुखावतो, त्याची सॅक दुसऱ्याला घ्यावी लागते, आणि अंधार पडायच्या आत पायथा गाठायचा बेत कोलमडतो. एका नखापायी अठरा जण कड्यावर अंधारात अडकू शकतात. म्हणून मी तयारीला सोबत्यांचं देणं मानतो. एकट्यानं जाणारा उपाशी राहिला, भिजला, लंगडला तर ते त्याचं तो निस्तरेल. गटात आपलं कमी पडलेलं पाणी दुसऱ्याच्या बाटलीतून येतं.

पायांची तयारीही याच हिशेबात बसते. आमच्याकडे चढण मिळत नाही. मग माणसं कॅनॉलच्या भरावावर चढउतार करतात, शाळेचे जिने पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चढतात. महिनाभर आठवड्यातले चार दिवस एवढं केलं तर पहिल्या चढणीला धाप कमी लागते. उसातल्या बिबट्यांमुळे हल्ली दिवस मावळल्यावर कॅनॉलवर एकटं जाऊ नये हेही खरं. तिथंही दोघं-तिघं मिळून जाणंच बरं.

चालण्याच्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो 1892 मध्ये मांडला: सपाटीवर तासाला सुमारे 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. बारी गावातून कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखर गाठायला सहा-साडेसहा किलोमीटर वाट आणि आठ-नऊशे मीटरची चढाई आहे. या हिशेबानं पावणेतीन तासांत वर पोचायला हवं. आमच्या गटाला चार लागतात, कधी जास्तही. नेस्मिथनं धरलेला माणूस तंदुरुस्त आणि सरावातला आहे. लोखंडी शिड्यांपाशी रविवारी लागणारी रांग त्याच्या हिशेबात नाही. पन्नाशीच्या बाई शिडीच्या मध्यावर थांबतात, खाली बघतात आणि दोन्ही हातांनी कठडा आवळून धरतात, तो वेळही नाही. त्या वेळी मागचा माणूस काय करतो यावर गट ओळखावा. आमच्यातला शेवटी चालणारा फिटर अशा वेळी शिडीच्या खालच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहतो. ‘ताई, खाली मी आहे, पुढचीच पायरी बघा,’ एवढंच म्हणतो आणि मागच्या रांगेला हातानं थोपवून धरतो. घाई करा, असं त्याच्या तोंडून कधी येत नाही.

पुढे चालणाऱ्याला वाट माहीत हवी. सर्वांत शेवटी चालणाऱ्याला माणसं माहीत हवीत, आणि माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड आहे. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, हा एकच नियम त्याला पाळायचा असतो. त्यासाठी त्याला दिवसभर स्वतःच्या निम्म्या वेगानं चालावं लागतं. कालव्याच्या शेपटाला ज्याचं रान आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. धरणापाशी पाणी भरपूर दिसतं, आवर्तन सुटल्याची बातमी छापून येते, आणि शेवटच्या चारीवरच्या उसाच्या सरीत थेंब पोचत नाही. म्हणूनच शेपटाकडून पाणी द्या, वरच्यांनी नंतर घ्या, ही मागणी आमच्याकडे वर्षानुवर्षं होते. ट्रेकमध्येही विश्रांती शेवटच्यापासून मोजावी. पुढची मंडळी झाडाखाली बसून पाणी पितात, बिस्किटं खातात, आणि शेवटचा माणूस धापा टाकत पोचला की ‘चला’ म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला ती येतच नाही. ही चूक मी अनेक गटांत पाहिली आहे. शेवटचा पोचल्यावर दहा मिनिटं, हा नियम लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे.

यातूनच गटाच्या आकाराचा प्रश्न येतो. पावसाळ्यात माणशी पैसे घेऊन शे-दीडशे माणसं एकदम कळसूबाईला किंवा हरिहरला नेणारे आयोजक आता पुष्कळ झाले आहेत. त्यात कुणी कुणाला ओळखत नाही आणि शेवटचा कोण हे कुणाला ठाऊक नसतं. अरुंद, ओल्या पायऱ्यांवर अशी गर्दी अडकली की अपघात व्हायला एकाचा पाय घसरणं पुरे. डोंगरात माणूस हरवला किंवा पडला की गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक कामधंदा सोडून, रात्री-अपरात्री, विनामोबदला धावून जातात. त्यांच्या जिवावर अशा सहली काढणं मला अन्यायाचं वाटतं. पंधरा-वीस माणसं, पुढे-मागे जाणती माणसं, आणि निघण्याआधी प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर एका कागदावर. याहून मोठा गट नसावा.

आणि पहिलाच ट्रेक कळसूबाईचा असू नये. आमच्या तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा भुईकोट आहे. मोगल सरदार बहादूरखानामुळे तो बहादूरगड झाला, आज धर्मवीरगड म्हणून ओळखला जातो. फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजीमहाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणलं ते इथं. आत लक्ष्मी-नारायणाचं यादवकालीन कोरीव मंदिर आहे आणि नदीचं पाणी वर घेणाऱ्या हत्तीमोटेचे अवशेष आहेत. तिथून काठाकाठानं सिद्धटेकच्या दिशेनं चालत जाता येतं. या वाटेवर चढ नाही, पण ऊन आहे, काटे आहेत, आणि आपलं पाणी किती पुरतं, बूट कुठं चावतो, आपण बोलताना चालू शकतो की नाही, हे सगळं अर्ध्या दिवसात कळतं. गटालाही नवा माणूस कळतो. काही बिघडलं तर रस्ता जवळ आहे.

हिवाळ्याचे चार महिने याला उत्तम. तुमच्या गावात असा गट असेल तर त्याच्या अशाच एका जवळच्या फेरीला या आणि पहिल्या दिवशी शेवटच्या माणसाबरोबर चाला. गट नसेल तर ओळखीची सहा-सात माणसं गोळा करा, एकाला पुढे ठेवा, एकाला मागे, आणि घरी सांगून निघा.