मंग, रक्त गेलं कुठं?

नीटचा निकाल जूनमध्ये लागला आणि सिहोऱ्याच्या त्या पोरीचा एमबीबीएसचा नंबर हुकला. नागपूरच्या शिकवणीची फी दुसऱ्यांदा भरणे बापाला झेपणारे नव्हते. घर चालायचे ते चार बांध्यांच्या धानावर. तेव्हा तिनेच ठरवले, घरी बसून रिपीट करायचे, पण रोज चौदा तास. आतल्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक चिकटले, पुस्तकांवर पिवळा हायलायटर फिरू लागला. महिन्याभरात अशी गत झाली की पानावर न रंगवलेल्या ओळीच तेवढ्या उठून दिसायच्या.

घरात सगळे कुजबुजत बोलू लागले. टीव्ही बंद, पाहुण्यांना चहा अंगणातच. लेकरू अभ्यासाला बसले की शिक्षा घरादाराला, हे आपल्याकडे घरोघर चालते. पोरीचे जेवण तुटले होते. रात्री दोनला दचकून उठायची आणि पुन्हा पुस्तक उघडायची.

आजीने शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. नात जेवत नाही, एवढेच तिला दिसत होते. म्हणून रात्री ताट घेऊन ती खोलीत जाऊन बसायची आणि ताट रिकामे झाल्याशिवाय हलायची नाही. नुसते बसून करायचे काय, म्हणून एकदा विचारले, "आज का वाचलंस वो?"

"हृदय."

"मंग सांग ना."

पोरीने पुस्तकाकडे हात नेला. आजीने ते खाटेखाली सारले. "भाजी सांडन त्याच्यावर. तोंडानं सांग."

घास चावत ती सांगू लागली. हृदयाला चार कप्पे. अंगभर फिरून, ऑक्सिजन देऊन आलेले रक्त उजवीकडच्या वरच्या कप्प्यात येते, तिथून खालच्यात. धमनीत चांगले रक्त, शिरेत वापरलेले.

"मंग, ते वापरलेलं रक्त पुढं गेलं कुठं?"

"फुप्फुसात. धमनीतून."

"आता त म्हनलीस धमनीत चांगलं असते म्हनून!"

घास हातातच राहिला. फुप्फुस धमनीतून ऑक्सिजन कमी असलेलेच रक्त जाते आणि ऑक्सिजन घेतलेले रक्त फुप्फुस शिरेतून परत येते, हे त्या पानावर छापलेले होते. पिवळे केलेले होते. तरी बोलताना ते आठवले नाही. नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकले की 1 वजा. 'येते' असे नुसते वाटणे तिथे फार महागात पडते. तेव्हापासून रोज रात्री ताटाबरोबर आजीला धडा सांगणे आले.

जुलै सरता सरता रोवणी लागली. पाऊस लांबला होता. बावनथडीचे पाणी सोंड्याटोल्याहून उपसून चांदपूरच्या तलावात टाकतात. तिथून नहराला पाणी सुटले आणि सगळ्यांची रोवणी एकदमच आली. मजूर मिळेनात. पोरगी पऱ्हे उपटायला चिखलात उतरली आणि अभ्यास बुडाला म्हणून धुऱ्यावर बसून रडलीही.

रोवणी आटोपल्यावर तिने कोरा कागद घेतला आणि पुस्तक न उघडता आठवेल ते लिहून काढले. आजीला सांगितलेले बहुतेक सगळे कागदावर आले, आजीच्या प्रश्नांसकट. नुसते रंगवलेले धडे अर्धेमुर्धेच.

यात आजीची काही जादू नव्हती. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून, तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवणारे. पोरीला पाच मिनिटांनंतरची हुशारी रोज दिसत होती. परीक्षा मात्र मे महिन्यात होती.

वेळापत्रक भिंतीवरून उतरले. तिने चिठ्ठ्या केल्या, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, आणि बिस्किटांचे तीन डबे मांडले. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकले की पुन्हा पहिल्यात. पहिला डबा रोजचा, दुसरा आठवड्याचा, तिसरा महिन्याचा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1972 मध्ये अशीच पेटी सुचवली होती. भौतिकशास्त्राच्या गणितांना मात्र आजी चालेना. ती गणिते जुन्या पेपरांवरच घासावी लागली, दर रविवारी तीन तास घड्याळ लावून. बाकी दिवशी दहाला दिवा बंद. टीव्हीही सुरू झाला.

तिचा नंबर लागला असे सांगून गोष्ट गोड करता येईल. पण वीस लाखांहून जास्त मुले बसतात तिथे एकीच्या नंबरावरून अभ्यासाची पद्धत जोखणे मला पटत नाही. पेपर देऊन ती घरी आली, पोटभर जेवली आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत झोपली, एवढे खरे.

आजीला मात्र चटक लागली होती. शेजारचा दहावीतला पोरगा विज्ञानाचे पुस्तक छातीशी धरून ओट्यावर आला, तर ती म्हणाली, "चपला काढ. अन् ते पुस्तकबी तिथंच ठेव."

"पन आजी, मले काहीच येत नाही."

"मंग तेच सांग, का का येत नाही ते," आजी म्हणाली आणि सुपातले तांदूळ निवडायला बसली.