न पाहिलेल्याची साक्ष

वस्तूवर पडलेला प्रकाश परतून डोळ्यांत शिरतो आणि तेवढ्या आधारावर आपण शपथेवर सांगतो की, आम्ही पाहिले. न्यायदर्शनानेही प्रत्यक्षाची व्याख्या इंद्रिय आणि अर्थ यांच्या संनिकर्षावरच उभारली आहे. २०१४ साली व्हिएन्नातील एका प्रयोगाने हा संनिकर्षच काढून घेतला.

गॅब्रिएला बरेटो लेमोस, आंतोन त्सायलिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी हिरवा लेसर एका स्फटिकातून नेला. तेथे क्वचित एका प्रकाशकणापासून दोन कण जन्मतात. एक ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचा, दुसरा १५५० नॅनोमीटरचा, अवरक्त. ही जुळी भावंडे परस्परांत गुंतलेली असतात. अवरक्त कण वस्तूतून जातो, तशाच दुसऱ्या स्फटिकाच्या वाटेने पुढे जातो आणि मोजला न जाता टाकून दिला जातो. कॅमेऱ्यात येतो तो दुसरा, ज्याची वस्तूशी गाठ कधी पडलीच नाही. तरीही चित्र उमटते ते वस्तूचेच! जोडी कोणत्या स्फटिकात जन्मली हे तत्त्वतःही कळू शकत नसेल, तरच ८१० नॅनोमीटरच्या दोन वाटांचे व्यतिकरण होते. वस्तूने अवरक्त कणाला अडविले की ते कळण्यास वाव मिळतो आणि तेवढ्या जागेचे व्यतिकरण मावळते. वस्तू म्हणून त्यांनी मांजराची कापलेली आकृती घेतली होती. श्रोडिंगरच्या मांजराचे स्मरण, दुसरे काय?

गुंतलेल्या कणांकडून आणखीही अपेक्षा आहेत. एर्न्स्ट आबे याने १८७३ साली सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सांगितली. तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून बारीक तपशील साध्या भिंगातून दिसत नाही. जोडीतील दोन्ही कण एकत्रच मोजले, तर ती जोडी निम्म्या तरंगलांबीच्या प्रकाशासारखी वागू शकते.

हे प्रत्यक्ष की अनुमान? आमच्या मते अनुमानच. परंतु धूर आणि अग्नी यांच्याहून घट्ट व्याप्तीचे. येथे एक सावधगिरी हवी. १९९५ साली मेरीलँडमध्ये यान्हुआ शि यांच्या गटाने अशाच जोड्यांतून ‘भूतचित्र’ काढले, तेव्हा सारे श्रेय गुंतागुंतीला मिळाले. २००२ साली रॉबर्ट बॉइड यांच्या गटाने साध्या, परस्परसंबद्ध प्रकाशाने तसेच चित्र काढून दाखविले. चित्र खरे होते; त्याचे लावलेले कारण तपासून घ्यावे लागले.

आम्ही सरकारी माणसे तर ज्याला कधी पाहिले नाही त्याच्याविषयी निर्णय देण्यातच दिवस घालवितो. फाइल आणि माणूस यांचे नातेही त्या दोन कणांसारखेच: कोणीतरी, कोठेतरी दोघांना एकत्र पाहिलेले असते, एवढाच फाइलीचा अधिकार. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला घ्या. तो बोटाच्या ठशावरून देण्याची सोय २०१४ सालीच झाली आणि तिचे नाव, योगायोगाने, ‘जीवन प्रमाण’. झिजलेल्या रेषांच्या वृद्धाचा ठसा जुळला नाही, म्हणजे समोर उभा असलेला माणूस हयात नाही असे होत नाही. व्यतिकरण दिसले नाही तर प्रयोगकर्ता प्रथम आपली मांडणी तपासतो. ठसा न जुळल्यास कागदी दाखल्याची वाटही खुली आहे. ती त्या वृद्धाला सांगण्याचे कष्ट मात्र टेबलामागच्या माणसालाच घ्यावे लागतात.