पायरी सोडून

मागच्या डिसेंबरमध्ये मी १,४०० रुपयांचा एक ड्रेस मागवला. ‘मिडीव्हल’ स्टाइलचा. वाइन रंगाची मखमल, कोपरापासून घंटेसारख्या उघडत जाणाऱ्या बाह्या, गळ्याला सोनेरी लेस. मैत्रिणीनं फोटो काढले. मी खाली लिहिलं, ‘चुकीच्या शतकात जन्मले.’ लाइक्स बरे आले. आईनं फोटो पाहिला आणि विचारलं, “त्या शतकात तुला हे घालू दिलं असतं का?”

उत्तर मला माहीत नव्हतं. म्हणून वाचायला लागले.

तेव्हाची मखमल म्हणजे रेशीम. मागावर ताण्याचे दोन थर. एक कापड धरून ठेवतो. दुसरा बारीक तारांवरून उचलून घेतात, त्याचे फुगे होतात आणि ते पात्यानं कापले की लव उभी राहते. या दुसऱ्या थराला कापडाच्या लांबीच्या कितीतरी पट धागा लागतो. लुक्का, व्हेनिस, जेनोवा, फ्लॉरेन्समध्ये भारी नक्षीची मखमल विणायचे, तेव्हा दिवसभरात काही इंचच काम पुढे सरकायचं. (माझा ड्रेस पॉलिएस्टरचा आहे. पाठीला चेन आहे.)

महाग होतं म्हणून लोक घालत नव्हते, एवढंच असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण पैसे आले तरी घालता येऊ नये, यासाठी कायदे होते. १३४८ च्या प्लेगनंतर इंग्लंडमध्ये मजूर कमी झाले, मजुरी वाढली. १३६३ मध्ये संसदेनं ठरवलं, की ज्यांच्याकडे ४० शिलिंगांचीही मालमत्ता नाही त्या नांगऱ्यांनी, गाडीवानांनी, मेंढपाळांनी जाडंभरडं लोकरी कापडच घालायचं. तो कायदा लवकरच मागे घेतला गेला. पण १४६३ मध्ये दुसरा आला, आणि त्यात मखमल नाइट आणि त्याच्या वरच्यांसाठी राखली गेली. इंग्लंडमधले असे कायदे रद्द व्हायला १६०४ उजाडलं.

यामागचा विचार ऐकायला नैतिकच वाटतो: कपड्यानं खरं बोलावं. नांगऱ्यानं मखमल घातली तर तो आपल्याबद्दल खोटं सांगतोय. फक्त त्याच्याबद्दलचं खरं काय, हे ठरवणारे आधीच मखमल घालून बसलेले होते.

इटलीतल्या शहरांचं एक कारण मात्र मला झटकता येत नाही. लग्नातल्या कपड्या-दागिन्यांपायी घरं बुडतात, असं ती म्हणत. माझा मामा मामेबहिणीच्या लग्नाचे हप्ते अजून फेडतोय.

१४५३ मध्ये बोलोन्यात कार्डिनल बेसारियोननं बायकांच्या पोशाखावर निर्बंध आणले. निकोलोसा सानुती या बाईनं त्याला लॅटिनमध्ये उत्तर लिहिलं. तिचं म्हणणं साधारण असं: पदं आणि मानमरातब पुरुषांना मिळतात; आमची योग्यता दाखवायला आमच्याकडे पोशाख आणि दागिने एवढंच आहे, ते तरी काढून घेऊ नका. वाचून मी टाळ्याच वाजवणार होते. मग लक्षात आलं, ही सरदाराची बायको. जे तिचं होतंच ते राहावं, एवढंच तिचं मागणं.

आईचा प्रश्न बोलोन्यातून आला नव्हता, महाडहून आला होता. माझी पणजी त्या बाजूच्या एका खेड्यातली. लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसायचं, म्हणजे लांबूनच जात कळायची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना सांगितलं, की लुगडं वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायकांसारखं नेसा, आणि ते जड दागिने उतरवा. पणजी तिथे नव्हती. पण पुढे कधीतरी तिनंही लुगडं घोट्यापर्यंत खाली सोडलं, आणि गावातल्या एका बाईनं तिला रस्त्यात हटकलं, “पायरी विसरलीस काय गं?”

निकोलोसा म्हणत होती दागिने ठेवू द्या, बाबासाहेब म्हणाले उतरवा. मला दोन्ही पटतं, आणि यात विसंगती आहे असं वाटत नाही. पणजीच्या अंगावरचा दागिना तिची योग्यता सांगत नव्हता, दुसऱ्यांनी ठरवलेली तिची पायरी सांगत होता. खोटं बोलणारं लुगडं आखूडच होतं.

फोटोखालची ती ओळ मी पुसून टाकली. ड्रेस ठेवलाय. परवा आईनं तो आरशासमोर अंगाला लावून पाहिला, इकडून तिकडून वळली, आणि म्हणाली, “बाह्या आमटीत बुडतील.”