तीच ती बस!

लंडनच्या 'आरटी' जातीच्या दुमजली बसगाड्या ओव्हरहॉलला ऑल्डनहॅमच्या कारखान्यात जात. तिथं बॉडी वेगळी, चासी वेगळी. बाहेर पडताना अमकीची बॉडी तमकीच्या चासीवर; नंबर मात्र जुनाच! १९८६ साली कारखाना मिटला. आता हौशी मंडळी अशाच एखाद्या गाडीचा गंजका पत्रा बदलतात, नव्या गाद्या शिवतात आणि छातीठोकपणे सांगतात, "अस्सल तीच!"

हसू नका राव. आमच्या काउंटरवर पेन्शनवाले आजोबा येतात. दात नवे, डोळ्यांत भिंगं नवी, सही तर नमुन्याशी मुळीच जुळत नाही. पण "काय रे, पोरगी पास झाली का?" हा प्रश्न अस्सल जुना!

'तेच'पण सुट्या भागांत नसतंच. ओळखणारा कुणी उरला नाही, तर अस्सल भागांची गाडीसुद्धा भंगारच.