उंबऱ्याला किती फूट?

“हवामान बदल हा भौतिकशास्त्राचा विषय आहे. मुलांना समीकरणे झेपत नाहीत, म्हणून तुम्ही त्यांच्याकडून पथनाट्ये करून घेता.” एका चर्चासत्रात भौतिकशास्त्राच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला भर सभेत हे सुनावले. मी तावातावाने उत्तर दिले : आकडे डोक्यात शिरतात, नाटक काळजात शिरते, विद्यापीठाला दोन्ही हवीत. टाळ्या पडल्या. ते उत्तर मला पुढे पुष्कळ दिवस छळत राहिले. प्राध्यापकांचा दावा मला आजही अमान्य आहे. पण टाळ्यांचे ते वाक्यही मी मागे घेतो.

आधी त्यांच्या दाव्याविषयी. विज्ञान एकट्या माणसाला बंद खोलीत सुचते, ही त्यामागची समजूत हवामानशास्त्राच्या इतिहासातच टिकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर तापमान किती चढेल, याचे गणित स्वांते अऱ्हेनियसने 1896 साली हाताने केले. त्यासाठी लागणारी मोजमापे मात्र सॅम्युअल लँगलीने चंद्राच्या उष्णतेचा अभ्यास करताना घेतलेली होती. आपल्याकडे गिल्बर्ट वॉकर 1904 पासून वीस वर्षे हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका त्यातूनच हाती लागला. त्यामागची अफाट आकडेमोड खात्यातल्या भारतीय कारकुनांनी हाताने केली होती. वॉकरांचे नाव पुस्तकात आले, कारकुनांचे आले नाही. 2021 साली हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने (आयपीसीसी) त्याच्या भौतिक बाजूवर जो अहवाल दिला, त्याचे लेखक 234 होते आणि ते 66 देशांतले होते. सहकार्य हा या शास्त्राचा कणा आहे. वर्गात मात्र तेच शास्त्र आपण एकेकट्या मुलाला, एकेकट्या उत्तरपत्रिकेसाठी शिकवतो.

आता माझी चूक.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल 2016 मध्ये, याच नदीचे पाणी मिरजेहून रेल्वेने तहानलेल्या लातूरला गेले होते. माझ्या मनाने हा विरोधाभास धरला आणि विद्यार्थ्यांनी त्यावर नाटक बसवले : एक मुलगी नदी, दहा मुले वाघिणी. त्या हिवाळ्यात कृष्णाकाठच्या एका गावात, देवळासमोरच्या पारावर, आम्ही ते केले. प्रयोग चांगला झाला. संपल्यावर पुढे बसलेली एक आजी म्हणाली, “पाणी आमी बघितलंय, पोरांनो. आयर्विनला किती फूट झालं म्हंजे माझ्या उंबऱ्याला लागतंय, तेवढं सांगा.”

आम्हाला ते सांगता येईना. नाटकात पाण्याचा आवाज होता, भीती होती, मुख्यमंत्र्यांना चार खडे बोल होते. आजीच्या उंबऱ्याची उंची नव्हती. परतीच्या एसटीत मुले गप्प होती. त्या गप्प बसण्यात मला त्या प्राध्यापकांचे म्हणणे अर्धे पटले. मोजमाप नसलेली कला संकटाच्या दाराशी जाऊन परत येते. आणि आमच्या घोषणाफलकांच्या स्पर्धा, वसुंधरा दिनाच्या रांगोळ्या तर दारापर्यंतही जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करायला सांगितले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या मुलांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. मुले त्याला ‘ईव्हीएस’ म्हणतात. त्यातल्या क्षेत्रभेटीच्या प्रकल्पाची एकच फाइल वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येते, फक्त पहिले पान बदलते. मी स्वतः अशा फायलींवर सह्या केल्या आहेत.

पण उरलेले अर्धे? समीकरणे नीट शिकवली असती तर आजीला उत्तर मिळाले असते का? मला तसे वाटत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवले, की 1950 पासून मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. हे मोलाचे काम आहे. त्यातून उंबऱ्यापर्यंत यायला मात्र दुसरे गणित लागते. ते कुठल्या क्रमिक पुस्तकात नसते, कारण त्याचा प्रश्नच पारावर जन्माला येतो.

इथे मला श्री. अ. दाभोळकरांकडे वळल्याशिवाय राहवत नाही. गारगोटीच्या मौनी विद्यापीठातले हे गणिताचे शिक्षक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला : गावोगावचे शेतकरी आपापल्या वावरात प्रयोग करणार, काय झाले ते एकमेकांना पत्राने कळवणार, चुकले तरी कळवणार. द्राक्षाच्या वेलीला पाने किती ठेवायची, त्या पानांनी दिवसाकाठी किती ऊन पकडले, त्यातून घडात किती साखर उतरेल, याचा हिशोब कमी शिकलेला बागायतदारही मांडू लागला. दाभोळकरांनी गणित सोपे केले असे लोक म्हणतात. मला वाटते, त्यांनी गणिताचा मालक बदलला. मोजणारा आणि ज्याचे मोजले जाते तो, ही दोन माणसे त्यांनी एक केली. दहा गुंठ्यांत एक कुटुंब सन्मानाने जगू शकते हा त्यांचा दावा गाजला. मला त्याहून मोठी वाटते ती पत्रांची देवघेव. सर्जनशील शिक्षण म्हणजे मुलांच्या हाती रंग देणे, असे जे मी इतकी वर्षे मानत होतो, त्याला खरे उत्तर त्या पत्रांत आहे. ज्याला झळ बसते त्याच्यासोबत बसून, आजवर कुणी न विचारलेला आणि मोजता येईल असा प्रश्न घडवणे, ही निर्मिती आहे.

दाभोळकरांशी माझे भांडणही आहे. त्यांचे एकक शेताचा बांध होते. बांधाच्या आत त्यांनी चमत्कार घडवला. पण ज्या तासगावच्या द्राक्षबागांत हे ज्ञान फुलले, त्याच बागा पुढे दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवाव्या लागल्या. विंधन विहिरी खोल जात राहिल्या. उत्पन्नाचा हिशोब पक्का होता, खालच्या पाण्याचा हिशोब कुणाच्याच वहीत नव्हता. भूजल आणि ढग बांध ओळखत नाहीत. तिथे पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर उभी केलेली पाणी पंचायत कामाला येते : पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणशी द्यायचे, भूमिहीनालाही द्यायचे, आणि ऊस लावायचा नाही. हवामान शिकवणाऱ्या वर्गाला दाभोळकरांची वही आणि साळुंखे यांचा नियम, दोन्ही लागतील.

आम्ही त्या गावात परत गेलो. या खेपेला भूगोलाची, संख्याशास्त्राची आणि मराठीची मुले एकत्र होती. भिंतींवर पुराच्या खुणा अजून होत्या. मुलांनी प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून गवंड्याकडून पातळी काढायला शिकून घेतले आणि घरोघरचे उंबरे मोजले. मराठीच्या मुली बायकांशी बोलत होत्या : गोठ्यात पाणी कधी आले, तेव्हा दिवस कुठे होता, लाइट गेली होती का. त्या आठवणी आयर्विनच्या तासातासाच्या आकड्यांशेजारी ठेवल्या, तेव्हा दिसले की नदीचे पाणी यायच्या आधीच काही घरांत ओढ्याचे पाणी मागून शिरले होते. आमच्या एकाही नकाशात तो ओढा ठळक नव्हता. लोक कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून भांडत होते, भांडणही आम्ही टिपून घेतले. एका शेतकऱ्याने नवाच धागा दिला : पूर दिसतो, पण दोन पावसांच्या मध्ये वापसाच येत नाही, पेरायला दिवस मिळत नाही, ते कोण मोजतो? पावसाचे मिलिमीटर सरकारदरबारी असतात. वापशाचे दिवस कुणाच्याच दप्तरी नाहीत. संख्याशास्त्राच्या एका मुलाने त्या दिवसापासून तोच विषय घेतला.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. कोविडच्या साथीमुळे महाविद्यालय बंद होते, आम्ही कुणीच तिथे नव्हतो. गावातल्या पोरांनी स्वतः खांबावर खुणा केल्या आणि फोनवर आकडे कळवले. आमचा अंदाज काही घरांबाबत जमला, काहींबाबत साफ चुकला. का चुकला हे शोधण्यात आणखी एका तुकडीचे वर्ष गेले. त्या एका वर्षात ती तुकडी जितके शिकली, तितके मी पुस्तकातून शिकवू शकलो नसतो.

विद्यापीठांकडे माझे मागणे त्यामुळे अगदी ठोस आहे. प्रकल्पाच्या अर्जावर विद्यार्थ्याचे नाव आणि मार्गदर्शकाचे नाव, एवढ्याच दोन ओळी आहेत. तिथे तिसरी ओळ द्या : प्रश्न कुणी विचारला. गुण सगळ्या गटाला एकत्र द्या आणि चुकलेला अंदाज प्रामाणिकपणे लिहिला असेल तर त्याचेही द्या. सहा महिन्यांत प्रकल्प संपवण्याची अट काढा, कारण नदी सहा महिन्यांत स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. वरच्या वर्गाची फाइल खालच्या वर्गाकडे जाऊ द्या, फक्त तिच्यात दरवर्षी नवी पाने पडू द्या.

आमची वही आता चौथ्या तुकडीकडे आहे. आजीच्या उंबऱ्यासमोरचा आकडा पेन्सिलीने लिहिलेला आहे. ओढ्याचे पाणी धरून तो एकदा खोडला आहे, आणि येत्या पावसाळ्यात मुले पुन्हा तपासायला जाणार आहेत.